वरळीच्या डोमखाली मंगळवारी कोण खेळतं?

एखाद्या बंदिस्त स्टेडियममध्ये गाण्याचा कार्यक्रम किंवा राजकीय मेळावा जाहीर झाला की दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. एक म्हणते, खेळाची जागा खेळालाच हवी, बाकीच्यांनी दुसरीकडे जावं. दुसरी म्हणते, वर्षातले कितीतरी दिवस कुलूप लागलेली वास्तू भाड्यानं दिली तर बिघडलं कुठे? दोन्ही बाजूंचं मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि दोघंही भलत्याच प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात असं माझं ठाम मत झालंय. मोठ्या क्रीडागृहात गाणी होऊ देत, मेळावे होऊ देत, प्रदर्शनं भरू देत. माझी तक्रार वेगळी आहे. हजारो खुर्च्यांचं स्टेडियम आणि रोज सकाळी सहाला उघडणारा सरावाचा हॉल या दोन निरनिराळ्या गरजा आहेत. आपल्याकडे पहिली भागली की दुसरीही भागली असं गृहीत धरलं जातं, आणि मग त्या एकाच जमिनीवरून खेळाडू आणि गायक यांच्यात भांडण लावून दिलं जातं.

वरळीचंच घेऊ. लाला लजपतराय मार्गावरचं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम, ज्याला हल्ली सगळे नुसतं 'डोम' म्हणतात, ते नॅशनल स्पोर्ट्‌स क्लब ऑफ इंडियाचं. हा क्लब स्थापन केला अँथनी डिमेलो यांनी. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आणि ब्रेबॉर्न स्टेडियमच्या उभारणीतही त्यांचा हात होता, आणि १९५१ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई खेळांच्या आयोजनातही ते आघाडीवर होते. नव्या देशाला खेळाच्या स्वतःच्या वास्तू हव्यात असं मानणारी ती पिढी होती. वरळीचं स्टेडियम १९५७ चं. ज्या शहरात जून उजाडला की मैदानांची तळी होतात आणि गणपती उरकेपर्यंत ती तशीच राहतात, तिथं डोक्यावर छप्पर असलेली खेळाची जागा ही गरजेची गोष्ट होती, चैनीची नव्हे.

आता 'पूर्वी इथं फक्त खेळ व्हायचे' हे म्हणणं तपासू. या स्टेडियमची जुनी आठवण कुणालाही विचारा, पहिलं नाव दारा सिंग यांचं येतं आणि दुसरं किंग काँगचं. त्या लढतींची भित्तिपत्रकं लागायची, तिकिटांसाठी झुंबड उडायची, हंगेरीहून आलेल्या त्या अगडबंब पैलवानाला बघायला लोक लांबून यायचे. पण कोल्हापूरच्या तालमीतल्या एखाद्या वस्तादाला विचारलं असतं, तर त्या फ्रीस्टाइलला त्यानं कुस्ती म्हटलं असतं का? तो खेळ होताच, पण त्यात नाट्य होतं, ठरवून उभी केलेली वैरं होती. वरळीच्या छपराखाली खेळ आणि करमणूक पहिल्या दशकापासून एका ताटात जेवत आली आहेत. ज्या सुवर्णकाळाच्या नावानं आज गाण्याच्या कार्यक्रमांना विरोध होतो, तो काळच तिकीटविक्रीवर उभा होता.

पुढचा इतिहासही तसाच मिश्र आहे. ३१ ऑगस्ट २०१३ ला इंडियन बॅडमिंटन लीगची पहिली अंतिम फेरी इथं झाली. सायनाचा हैदराबाद संघ सिंधूच्या अवध संघाविरुद्ध जिंकला. बरोबर एक वर्षानं, ३१ ऑगस्ट २०१४ ला, प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामाची अंतिम लढत याच जागी झाली आणि यू मुंबाला घरच्या प्रेक्षकांसमोर जयपूरनं ३५-२४ असं हरवलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे भारतातले पहिले दोन सामने इथं झाले. सहा महिने उलटतात न उलटतात तोच, २०२० च्या वसंतात, त्याच जमिनीवर खाटा लागल्या. वरळी कोळीवाडा आणि आसपासच्या वस्त्या करोनानं घेरल्या होत्या, दहा बाय दहाच्या खोलीत विलगीकरण कसं करायचं हा प्रश्न होता, आणि डोमनं ते ओझं उचललं. ५ जुलै २०२५ ला राज आणि उद्धव ठाकरे जवळजवळ दोन दशकांनी एका व्यासपीठावर आले, हिंदीसक्तीचे शासन निर्णय मागे घेतल्याच्या विजयी मेळाव्यासाठी, तेही इथंच. यातलं काय काय 'बाहेर काढायचं'? त्या खाटा? की मराठीसाठी भर पावसात आलेली ती गर्दी?

जगभर हेच दिसतं. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन म्हणजे बास्केटबॉल आणि मुष्टियुद्धाची पंढरी. पण त्या नावाची पहिली वास्तू बार्नम या सर्कसवाल्यानं १८७४ मध्ये रेल्वेच्या जुन्या जागेवर उभी केलेली होती. १९२४ साली त्याच नावाच्या दुसऱ्या वास्तूत डेमोक्रॅटिक पक्षाला आपला उमेदवार निवडायला मतदानाच्या १०३ फेऱ्या लागल्या. टोकियोत केंझो टांगे यांनी १९६४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं योयोगी क्रीडागृह मुळात जलतरणाचं. नंतर तिथंच हिवाळ्यात बर्फाचं मैदान व्हायचं, आणि पुढे व्हॉलीबॉल व गाण्याचे कार्यक्रम आले. कोलकात्याचं नेताजी इनडोअर स्टेडियम १९७५ च्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेसाठी बांधलेलं. आज ते राजकीय सभांसाठीही तितकंच ओळखलं जातं. पाच-दहा हजार माणसांना ऊनपावसापासून झाकणारं छप्पर कुठल्याही शहरात मोजकंच असतं. ज्याला ज्याला माणसं गोळा करायची असतील, तो तिथं येणारच.

मात्र याच इतिहासाची एक काळी बाजू आहे, आणि 'होऊ द्या सगळं' म्हणणाऱ्यांनी ती नजरेआड करू नये. २० फेब्रुवारी १९३९ ला न्यूयॉर्कच्या त्याच गार्डनमध्ये वीस हजारांच्या आसपास माणसं हिटलरच्या अमेरिकी समर्थकांच्या मेळाव्याला जमली होती. पॅरिसमध्ये 'वेल दिव' नावाचं बंदिस्त सायकल शर्यतींचं क्रीडागृह होतं. जुलै १९४२ मध्ये फ्रेंच पोलिसांनी तेरा हजारांवर ज्यू नागरिकांना दोन दिवसांत पकडलं आणि त्यातल्या हजारोंना त्या क्रीडागृहात कोंडलं. त्यात चार हजारांहून अधिक मुलं होती. पुढे त्यांची रवानगी मृत्युछावण्यांकडे झाली. ती वास्तू १९५९ मध्ये पाडली गेली. आपल्याकडच्या एखाद्या मेळाव्याशी याची तुलना मी करत नाही, करणंही अन्यायाचं होईल. सांगायचं इतकंच की मोठं बंदिस्त छप्पर ही एक ताकद आहे आणि किल्ली कुणाच्या हातात आहे, त्याला विचारणारं कुणी आहे का, यावर सगळं ठरतं. म्हणूनच तारखा कोण देतं, कोणत्या नियमानं देतं आणि कुठल्या दरानं देतं, हे उघड असायला हवं. विरोध करणाऱ्यांनी खरं म्हणजे हे मागायला हवं होतं.

त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा जमिनीचा आहे आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. लाकडी जमीन ही जिवंत वस्तू असते. फळ्यांखाली आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे उडी मारून खाली येणाऱ्या पायाला ती किंचित दबून झेलते. खेळाडूचा गुडघा आणि घोटा त्या दबण्यावर टिकतो. तिच्यावर मंचाचे लोखंडी पाय, ध्वनियंत्रणेच्या पेट्या, ट्रॉल्या आणि दोन हजार खुर्च्या ओढल्या की फळ्यांचे सांधे उघडतात, कुठे फुगवटा येतो, कुठे खळगा पडतो. त्यात आपलं कोकणपट्टीचं हवामान. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगतं आणि दिवाळीनंतर आकसतं. शाळेत असताना मी जिल्ह्याच्या गावी एका सरकारी हॉलमध्ये बॅडमिंटन खेळायचो. राज्य स्पर्धा आठ दिवसांवर आली असताना हॉल साड्यांच्या सेलला दिला गेला. आम्ही पाच दिवस कंपाउंडच्या भिंतीलगत वाऱ्यात शटल उडवत बसलो. परत आत आलो तेव्हा मधल्या कोर्टाच्या मागच्या रेषेजवळ खिळ्यांची चार भोकं होती आणि एक फळी सैल झाली होती. ती फळी कुणी बदलली नाही. पुढची दोन वर्षं आम्ही सगळी मुलं त्या जागेवर पाय पडू नये म्हणून अर्धं पाऊल आधी थांबायचो, आणि ती सवय माझ्या खेळात शेवटपर्यंत राहिली.

पण यातून निघतं काय? त्या सेलनं हॉलचं भाडं भरलं होतं. त्या भाड्यातून एक फळी बदलता आली असती. ती बदलली गेली नाही, कारण भाड्याचा पैसा जमिनीकडे परत यायला हवा असा नियम नव्हता आणि आम्हा मुलांच्या वतीनं विचारणारं कुणी नव्हतं. आमचं नुकसान साड्यांनी केलं नाही.

जागेचा मान कसा राखायचा हे आपल्याला परक्याकडून शिकायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचं कुस्ती मैदान १९१२ मध्ये उभं केलं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचा प्रेक्षागार पाहून ती कल्पना सुचली असं सांगतात. बशीसारखी उतरती बैठक, त्यामुळे मागच्या माणसालाही मधल्या मातीच्या हौद्यातली पकड दिसावी. आणि त्या मैदानाला लागूनच त्यांनी नाटकांसाठी पॅलेस थिएटर बांधलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. जेमतेम तीन वर्षांच्या अंतरानं, भिंतीला भिंत लावून, कुस्तीला एक वास्तू आणि संगीत नाटकाला दुसरी! 'मैदान आहेच, त्यातच नाटकं करा' असं त्यांनी नाटकवाल्यांना सांगितलं नाही, आणि 'थिएटरात गादी टाकून लढा' असं पैलवानांनाही सांगितलं नाही. संस्थानच्या तिजोरीतून दोन्ही झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या नाट्यगृहाला आग लागली तेव्हा कलावंतांइतकेच तालमीतले लोकही हळहळले, ते काही उगाच नाही. आणि हौद्याची माती पाहिलीत का? ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली. त्या तांबड्या मातीत चप्पल घालून कुणी उतरत नाही, मंत्रीसुद्धा नाही. लाकडी जमिनीला हा मान आपण का देत नाही? तिच्यावर संरक्षक फळ्या अंथरल्याशिवाय एकही खुर्ची ठेवायची नाही, आणि कार्यक्रमाच्या आयोजकाकडून अनामत घेऊन तज्ज्ञानं जमीन तपासल्याशिवाय ती परत करायची नाही, एवढं करायला किती मोठा कायदा लागतो?

दुसऱ्या बाजूचा बळकट मुद्दा पैशाचा. तोही खरा आहे. एवढ्या घुमटाचं वातानुकूलन, दिवे, गळती, सुरक्षारक्षक यांचा खर्च ज्युनिअर स्पर्धेच्या प्रवेश शुल्कातून निघणार नाही. एका गाण्याच्या संध्याकाळीतून जे भाडं येतं, त्याच्याशी टेबल टेनिस संघटनेची बरोबरी होऊच शकत नाही. पण हा हिशेब अर्धाच मांडला जातो. कार्यक्रम एका संध्याकाळचा असला तरी मंच उभारणं आणि उतरवणं धरून जमीन तीन-चार दिवस अडते, आणि त्या दिवसांचं खेळाचं नुकसान कुठल्याच रकान्यात येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, 'खेळाला मदत म्हणून कार्यक्रम' असं म्हणायचं असेल तर ती मदत खेळापर्यंत पोचल्याचं दाखवावं लागेल. देवळाच्या दानपेटीचा हिशेब गाव मागतं, मग स्टेडियमच्या भाड्याचा का नाही?

आणि आता मूळ मुद्द्याकडे येतो. ४ ऑक्टोबर २०१९ चा एनबीएचा तो पहिला सामना आठवा. त्या संध्याकाळी प्रेक्षकांत तीन हजारांहून अधिक शाळकरी मुलं होती, खास बोलावलेली. सामना अतिरिक्त वेळेत गेला, इंडियाना संघानं एका गुणानं, १३२-१३१ असा जिंकला, आणि मुलं ओरडून ओरडून थकली. ही सुंदर गोष्ट आहे. मी त्या संध्याकाळवर काडीचाही आक्षेप घेणार नाही. पण त्यातल्या एखाद्या मुलीला घरी जाताना वाटलं असेल की मलाही हा खेळ खेळायचाय, तर पुढच्या मंगळवारी ती कुठं गेली? डोममध्ये नाही, तिथं तिला कोण सोडणार, आणि का सोडावं? ती जागा त्यासाठी नाहीच. तिला हवी होती घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर अठ्ठावीस बाय पंधरा मीटरची सपाट जमीन, दोन रिंगा आणि पावसात न गळणारं छप्पर. कबड्डीचंही तेच. लालबाग, परळ, प्रभादेवीच्या मंडळांनी हा खेळ मातीवर जोपासला. आता स्पर्धा मॅटवर होतात. मॅटवर पाय वेगळा पकडतो, घसरण वेगळी, पकडीची वेळ वेगळी. तेरा बाय दहा मीटरची मॅट पावसाळ्यात अंथरायला जागा नसलेल्या मंडळाच्या पोरानं डोममधल्या झगमगाटापर्यंत पोचायचं कसं?

या जागा डोमच्या तुलनेत किरकोळ खर्चाच्या आहेत. महापालिकेच्या शाळेचं सभागृह, बाजारावरचा मजला, पुलाखालची बंदिस्त करता येण्याजोगी जागा यांतून त्या निघू शकतात. बॅडमिंटनला मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी बारा मीटर उंची लागते. सरावाला त्याहून कमी उंचीवर भागतं आणि टेबल टेनिसला तर फारच कमी. मग त्या निघत का नाहीत? कारण आपण क्रीडागृहं स्पर्धेच्या तारखेकडे बघून बांधतो. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी झालं. गोव्यात ताळगावचं डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम पोर्तुगीजभाषक देशांच्या २०१४ च्या लुसोफोनिया खेळांसाठी झालं; तयारी वेळेत झाली नाही म्हणून ते खेळच नोव्हेंबरवरून जानेवारीवर ढकलले गेले होते. पुढे त्या स्टेडियमनं इफ्फी या चित्रपट महोत्सवाची उद्घाटनं पाहिली, २८ मार्च २०२२ ला मुख्यमंत्र्यांचा शपथविधी पाहिला, २०२३ मध्ये जागतिक दर्जाची टेबल टेनिस स्पर्धाही पाहिली. मी त्या स्पर्धेबद्दल मनापासून आनंदी आहे. पण ताळगाव, सांताक्रुझ, मेरशी इथल्या टेबल टेनिस खेळणाऱ्या मुलांना शपथविधीच्या आठवड्यात आणि इफ्फीच्या दिवसांत दुसरी जागा देण्याचं बंधन कुणावर होतं? असं बंधन नियमात लिहिलेलं असायला हवं. मोठं छप्पर कार्यक्रमाला द्या, पण त्याच तारखांना जवळचा पर्यायी हॉल खेळाडूंच्या नावे आधीच राखून ठेवा. लग्नाला कार्यालय देताना आपण रिकामी तारीख पाहूनच देतो ना?

एक आक्षेप उरतो. डोम क्लबचा आहे. खासगी क्लबला हे सगळं कसं लागू करणार? हे मला मान्य आहे. क्लबला विनंती करता येते, हुकूम नाही. म्हणूनच माझा सगळा आग्रह सार्वजनिक पैशानं बांधलेल्या जागांबद्दल आहे: ताळगाव, बालेवाडी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली क्रीडा संकुलं. तिथं 'सभासदांसाठी राखीव' अशी पाटी लावून सकाळ-संध्याकाळचे चांगले तास मूठभर लोकांना देणं हे साड्यांच्या सेलपेक्षा जास्त नुकसान करतं, आणि 'खेळाची जागा खेळालाच' म्हणणारे त्यावर बोलत नाहीत, कारण ते सभासद रॅकेट घेऊनच आत जातात. हातात रॅकेट आहे एवढ्यानं ती जागा सार्वजनिक ठरते का? दुपारी दोन ते चार या वेळेत, शाळा सुरू असताना, मुलांना सवलत देणारी वेळापत्रकं मी स्वतः पाहिली आहेत. मग त्याच वेळापत्रकाचा दाखला देऊन सांगितलं जातं की मुलं येतच नाहीत.

मला हवी आहे ती प्रत्येक सार्वजनिक क्रीडागृहाच्या दारावर लावलेली एक वही. त्यात वर्षाच्या सगळ्या तारखा, कोणत्या तारखेला जागा कुणाला दिली, किती भाडं घेतलं, कुणाला फुकट दिली आणि कुणाच्या सहीनं; जमिनीची दुरुस्ती शेवटची कधी झाली; आणि साध्या मंगळवारी सकाळी सहा ते आठ या वेळेत कोण खेळलं. मेळावा घेणाऱ्या पक्षाचं नाव त्यात असेल, गायकाचंही असेल. त्यांच्या वरच्या-खालच्या ओळींत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींची नावं किती आहेत, ते मला मोजायचंय.